लाल फुली

फुली बारीकच होती, लाल, संदर्भयादीतल्या एका नोंदीच्या अगदी कडेला... केलेराला आधी वाटलं, स्क्रीनला काहीतरी चिकटलंय, म्हणून तिने नखाने खरवडून पाहिलं. जाईना. मग क्लिक केलं, तर वर लाल पट्टी उघडली — हा लेख मागे घेण्यात आला आहे; त्यातले आकडे बनावट आहेत.

समुद्रकाकडी नावाच्या समुद्री प्राण्याच्या शेतीवरचा लेख. उनाइसीचं अख्खं तिसरं प्रकरण त्यावर उभं होतं, आणि एम.एस्सी.चा प्रबंध आज चार वाजता द्यायचा होता. संदर्भांच्या सॉफ्टवेअरमधलं फोल्डर दोघींचं सामायिक. पण उनाइसीचा लॅपटॉप रडतखडत चालायचा, म्हणून तिने महिनाभर त्यात नवं काही उतरवूनच घेतलं नव्हतं; ही फुली तिच्याकडे दिसत नव्हती. सकाळी म्हणाली होती, "तूच एकदा यादीवरनं नजर फिरव गं, माझे डोळे गेलेत आता." पुढच्या पीएचडीची शिष्यवृत्ती एकच होती. अर्ज दोघींचे.

सांगू. आत्ताच सांगू. ती रडेल, मुदत मागेल — मिळेलही, तिला काय, सगळंच मिळतं... हे सॉफ्टवेअर हिनेच तर शिकवलं, पहिल्या वर्षी, बेट सोडून सुवा शहरात नवीन होते तेव्हा, याच ग्रंथालयात, सगळ्यांदेखत — "अगंबाई, ही संदर्भ हाताने टाईप करते! आजीबाई, लाउ बेटांवरून येताना चूलपण आणलीस का?" सगळे हसले, मीही हसले, आणि तेव्हापासून आजीबाईच राहिले. शिकवलं मात्र तिने मनापासून. तेच तर सहन होत नाही.

उनाइसी कागदात गुंडाळलेल्या दोन रोट्या घेऊन आली, आत तिखट बटाटा. "खा, आजीबाई. पाहिलीस यादी?"

"पाहिली."

"मग?"

फुली अजून समोर होती. उनाइसीने नुसती मान वळवली असती तरी दिसली असती. केलेराने लॅपटॉप मिटला.

"ठीक आहे सगळं." आवाज इतका सरळ निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

"देव तुझं भलं करो गं बाई! हे बघ, आभारांत काय लिहिलंय —" उनाइसीने छापलेलं पान पुढे धरलं. या प्रबंधातला एकूण एक संदर्भ माझी मैत्रीण केलेरा हिने तपासला आहे.

केलेराने ती ओळ दोनदा वाचली. आता बोलावंच लागणार... आणि क्षणभर, खरंच, सुटल्यासारखंही वाटलं. तिने तोंड उघडलं.

"माझं नाव काढ."

"का गं? लाजतेस?"

"काढ म्हणते ना. उगाच मोठेपणा नको."

"कमाल आहे बाई तुझी! एवढं केलंस, आणि..." उनाइसीचे डोळे भरून आले. तिने पेनने ओळ खोडली, पान पुन्हा छापून आणते म्हणाली, आणि जाता जाता केलेराच्या गालाला चिमटा काढला.

केलेराने कागद उलगडला. घास उतरणार नाही असं तिला वाटलं होतं — निदान उतरू तरी नये... पण भूक लागली होती, सकाळपासूनची, सणसणीत. उनाइसी नवं पान घेऊन परतली तोवर रोटी संपलीसुद्धा, आणि केलेरा दुसरीकडे बघत होती.

"घे, हीपण घे," उनाइसी म्हणाली. "मला काही जाणार नाही आज."

मी घेतली.