प्रेरणाचं गुंतवळ

नागसेन हिरे बनवतो हे ऐकलं की पिपरी मेघेतल्या बाया आधी ज्योत्स्नाच्या नाकाकडे बघत. तिथं पितळेची चमकी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! हिरे तरी कसले, दगड कापायच्या पात्यांना लावायचे पिवळट कण. पण नवरा कारखान्यात दाब देणारा मोठा प्रेस चालवतो, याचा ज्योत्स्नाला भारी तोरा होता.

२००२च्या पावसाळ्यात त्यांची एकुलती एक प्रेरणा न्यूमोनियानं गेली. मग तोरा गेला, आणि नवराबायकोतलं बोलणंही गेलं.

विंचरलेल्या केसांचं गुंतवळ भिंतीच्या फटीत साठवायचं आणि भांडेवाली आली की त्यावर वाटी घ्यायची, ही घरोघरची रीत. प्रेरणाचं गुंतवळ मात्र ज्योत्स्नानं दिलं नाही. भांडेवाली स्टीलचा डबा द्यायला तयार झाली, तरी नाही. एक दिवस नागसेननंच ते फटीतून काढलं.

"काय करून राह्यले तुमी?" ती ओरडलीच.

"केसातबी कार्बनच असते. आपल्या पोरीचा हिरा बनवतो. साहेब हो म्हणले."

त्यानं तिला समजावलं. हवा न लागू देता केस जाळायचे, ती भुकटी वर. मधे लोखंड-निकेलची चकती. तळाशी मोहरीहून बारीक हिऱ्याचा कण, विरजणासारखा. मग चहूबाजूंनी प्रचंड दाब आणि धातू वितळेल इतकी आच. वितळलेल्या धातूत कार्बन विरघळतो, तळाशी आच जरा कमी तिथं उतरतो आणि त्या कणावर थर धरतो. घाई केली तर पोटात डाग राहतात. शेवटी आधी आच उतरवायची, दाब मागून. आत तापलेलं असताना दाब सोडला, तर हिऱ्याचा परत कोळसा.

"मंग ते आपल्यापाशी राहीन?"

"राहीन. कदीच खराब नाई होत."

तिनं स्वतःच गुंतवळ त्याच्या रुमालात बांधून दिलं. प्रेस चालू होता तेवढे दिवस ती दारात उभी राहून शेजारणींशी बोलली, चक्क हसलीसुद्धा. हिरा काळ्या दोऱ्यात बांधून गळ्यात घालायचा, हेही ठरवून टाकलं.

नागसेन दुपारीच घरी आला. रुमाल उघडला. आत धातूची गोळी आणि काळी भुकटी.

"लाइट गेलती का?"

"नाई. आच उतरवाच्या आंधी म्या दाब सोडला."

नवशिकेही असं करत नाहीत, आणि हा तर त्या प्रेसवर मुरलेला माणूस! ज्योत्स्नाचा संताप संताप झाला. तिनं त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. "काऊन सोडला? काऊन जी? माही पोरगी होती त्याच्यात!"

"म्हणून तं," नागसेन म्हणाला. "दवाखान्यात मले म्हणे ना ते, बाबा, छातीवरचं वजन काढा. तवा मले काईच नाई करता आलं. दाबाच्या काट्याकडं पाहून राह्यलो होतो, अन् हात आपोआपच गेला."

तिचा उचललेला हात तसाच राहिला. मग तिनं तो हळूच त्याच्या पाठीवर ठेवला. पोर गेल्यापासून ती दोघं पहिल्यांदाच जवळ बसून रडली.