उदगीरच्या नीलम्माचा आवाज

नीलम्मा जाऊन सात महिने झाले होते, आणि भोकरच्या आठवडी बाजारात ती अजून गिऱ्हाइकांना हाका मारत होती.

"या अक्कांनो, या मामांनो! शेंगदाण्याची चटणी! मी उदगीरची नीलम्मा. आधी चव बघा, मग घ्या. न्हाई आवडली तर परत आणा, मी हाय की!"

टेम्पोच्या टपावरच्या भोंग्यातून हे दिवसभर वाजायचं. शेवटी कुकरची अर्धी शिट्टी, आणि मागून एका पुरुषाचा प्रश्न, "झालं का गं?" तो आवाज तिच्या नवऱ्याचा, गुरुपादप्पांचा. तिनं स्वयंपाकघरात मोबाईलवर हे बोलणं भरलं तेव्हा ते दारात उभे होते. तिनं काय उत्तर दिलं, ते त्यांना डोक्याला कितीही ताण दिला तरी आठवत नव्हतं. भोंग्यातही ते नव्हतं. प्रश्न संपला की पुन्हा "या अक्कांनो".

गुरुपादप्पा निवृत्त शिक्षक. चटणीचा धंदा नीलम्मानं उभा केला. आता मुलगा दयानंद बाजार करायचा आणि सून शिल्पा चटणी. बाजाराला जायची गुरुपादप्पांना गरज नव्हती, त्यातून गुडघे दुखायचे. पण बायको जिथं बोलते तिथं ते जात. शिल्पा एकदा म्हणाली, "अप्पा, गेलेल्या माणसाला किती राबवायचं?" दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तो आवाज सुटला तर हातात काय उरणार, एवढीच त्यांची धास्ती होती.

आलोक मात्र त्यांच्या बाजूचा. हा दयानंदचा मित्र, नांदेडला व्यापाऱ्यांना जाहिरातीचा सल्ला देणारा. आज येताना त्याच्याकडं चहा झाला.

"काका, प्रवासात आपण कुठल्या हॉटेलापाशी गाडी थांबवतो? ओळखीचं नाव दिसलं की. तसंच आहे हे. तो आवाज बदलू नका. लोक चटणी घेत नाहीत, नीलम्माअक्का घेतात."

गुरुपादप्पांनी मान डोलावली होती. त्यांना हवं तेच कुणीतरी बोललं होतं.

दुपारी एक बाई पुडा घेऊन आली. डोक्यावर पदर, पायाला धूळ. "अक्का कुठाय? सिंधु आलीय म्हणावं."

दयानंदनं बोलणं ऐकू यावं म्हणून भोंगा बंद केला. "काय झालं, मावशी?"

"खवट निघाली. लेकरांनी थुकून टाकली. अक्का म्हणती ना, परत आणा म्हणून. आणली."

दयानंदनं पुडा उलटासुलटा केला. "मावशी, हा आमचा न्हाई. नाव बघा की."

"मला कुठं वाचाय येतं, बाबा? आवाज तर हाच व्हता. ती खोटं बोलंल का?"

दयानंद काही म्हणणार, तेवढ्यात नीलम्मा बोलली.

"या अक्कांनो, या मामांनो!"

भोंगा बंद होता. तारही काढलेली. आवाज कांदाबाजाराच्या पलीकडून येत होता. गुरुपादप्पा आवाजाच्या दिशेनं चालू लागले. वाटेत दोघांना धडकले, तेही त्यांना कळलं नाही.

पलीकडं एक हातगाडी होती. वर चटणीचे पुडे, पापड, लोणची, आणि मधोमध छोटा भोंगा. "मी हाय की!" मग अर्धी शिट्टी. मग भोंग्यातून गुरुपादप्पांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, "झालं का गं?"

गाडीवाला लिंबाजी म्हणाला, "घ्या बाबा, चव तर बघा."

"हा आवाज कुणाचा?"

"काय म्हाईत! मोबाईलच्या दुकानात कार्ड भरून भेटतं. भाजीवाल्याचं, भंगारवाल्याचं, सगळ्यांचं बोलणं असतंय. पर या बाईला गिऱ्हाईक लई थांबतं."

"ती वारली. माझी बायको."

लिंबाजीचा हात हवेतच थांबला. "आयला! म्हंजी मी रोज सकाळी..." त्यानं घाईनं बटण दाबलं. नीलम्मा अर्ध्या शब्दावर थांबली. दवाखान्यातही ती अशीच थांबली होती.

"तुझा माल कुणी परत आणला तर घेतोस?"

"कोण घेतंय, बाबा? आज हितं, उद्या दुसऱ्या गावाला."

गुरुपादप्पा टेम्पोकडं परतले. सिंधु तशीच उभी होती. त्यांनी तिचा खवट पुडा घेतला आणि आपला तिच्या हातात ठेवला.

"अप्पा, दुसऱ्याचा माल हाय!"

"माल दुसऱ्याचा. शब्द तुझ्या आईचा." मग त्यांनी भोंग्यातलं कार्ड ओढून काढलं.

"हे काय करताय? आलोक काय म्हणाला सकाळी?"

"बरोबर म्हणाला. लोक अक्का घेतात. आपण अक्का देऊ शकतो का रे? 'मी हाय' म्हणून इतक्या बायांना फसवलं, सात महिने. तिकडं हाच आवाज वाजवणाऱ्या गाडीवाल्याला तर माहीतही नव्हतं. मला होतं."

गुरुपादप्पा टेम्पोच्या पायरीवर चढले आणि वर्गात बोलायचे तसे खणखणीत बोलले.

"ऐका हो! उदगीरची नीलम्मा सात महिन्यांमागं वारली. चटणी आता सून करते. चवीत फरक असेल. चव बघून घ्या."

आजूबाजूचा गलका थांबला. कोथिंबीर निवडणारी म्हातारी उठून आली. मग आणखी दोघी. "कधी वो? काय झालं व्हतं?" "मला तर मागल्या बाजारी हाक मारली तिनं!" कुणी तिथंच बसून डोळ्यांना पदर लावला, कुणी दयानंदच्या पाठीवरून हात फिरवला. तासभर एकही पुडा विकला गेला नाही.

तेवढ्यात एसटी स्टँडकडून पुन्हा नीलम्माची हाक आली. तिसराच कुणी गाडीवाला असणार. "या अक्कांनो..."

बसलेल्या बायका दचकल्या. एकीनं लेकराला जवळ ओढलं.

सिंधु पुढं झाली. "त्याला ठाव नसंल. मी सांगून येते." आणि ती गर्दीत शिरली.

गुरुपादप्पा पायरीचा दांडा धरून उभे राहिले. सिंधु आता स्टँडजवळ पोचली असेल. आता ती त्याला सांगत असेल. बायका त्यांच्याकडं बघत होत्या. मास्तरांनी योग्य केलं, असं एकमेकींना म्हणत होत्या.

ते मात्र कान टवकारून नीलम्माला ऐकत होते, आणि सिंधुला अजून थोडा उशीर व्हावा, असं मनात म्हणत होते.