झोकांडी

रविवारी सकाळी समाजमंदिरासमोर चपलांची रांग लागते. माणसं लिंबाखाली सावलीत बसतात, नंबर चपला धरतात.

"कोना शे रे हाऊ फाटेल बूट?" भागाबाईनं काठीनं एक बूट मागे सारला. "मांगून येस आन पुढे घुसस."

"मना शे अक्का," अभिमन म्हणाला. "पन बूटच घुसना. मी तं आठेच बशेल शे."

"मंग बूटलेच सुई टोचाले सांगसू."

लिंबाखाली हशा झाला. अमळनेर-धुळे रस्त्यावरच्या या गावात मजुरांसाठी हा फुकट दवाखाना पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू झाला. धुळ्याहून डॉक्टर ज्योती जीप घेऊन येतात. भागाबाई पाणी भरते, सतरंजी अंथरते, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेते. कोणी तिला बोलावलं नव्हतं. एका रविवारी आली आणि झाडू हातात घेतला.

लोक म्हणतात : नवरा गेला, पण बाईचं मन केवढं मोठं. गरिबांची सेवा करते. पुण्यवान.

भागाबाई म्हणते (मनातल्या मनात) : पुण्य घाला चुलीत. माले चुडामण पाहिजे.

तर चुडामण नाना. गावातली निम्मी कपाशी त्याची. मागच्या साली भागाबाईचा नवरा झुलाल त्याच्याच कपाशीत फवारा मारत होता. भर दुपार, वारा तोंडावर, दोन औषधं एकाच पंपात. झुलाल झोकांड्या खायला लागला. नानानं त्याला बांधावर निजवला, तांब्याभर ताक पाजलं. इथे सगळे तेच करतात. ताकानं विष उतरतं म्हणतात. दवाखान्यात नेलं तेव्हा झुलाल संपला होता.

ताकाचं एक वेळ तिनं गिळलं असतं. अडाणी ती, अडाणी तो. पण दिवस घालायच्या आधीच नाना पारावर बसून बोलला, "दारू पिईसन उना व्हता कामवर. मी काय करू?"

विष चढलेला आणि दारू प्यालेला, लांबून सारखेच दिसतात. गावानं ऐकलं, मान डोलावली. दिपमालेला, तिच्या पोरीला, पाहायला पाहुणे आले. चहा पिऊन गेले आणि नशिराबादहून निरोप धाडला : दारूड्याच्या घरची पोर नको.

म्हणून दवाखाना.

नानाच्या शेतात पंप उचलणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ती जायची. "डोकं फिरस का रे? पोटमा मयमयस का? चाल डॉक्टरीनबाईकडे." डॉक्टर तपासायच्या आणि सांगायच्या, आता काही दिवस पंपाला हात लावायचा नाही. खरंच होतं ते. भागाबाईनं एक शब्द खोटा घातला नाही, पण दुसऱ्या कोणाच्या मजुराकडे ती अशी फिरली पण नाही. पोळ्यापर्यंत नानाच्या कपाशीला फवारणारा उरला नाही. बोंडअळी पोटभर जेवत होती. ती मुद्दाम त्या बांधावरून जायची. किडकं बोंड तोडायची, फोडायची, बघायची. घरी येऊन दोन भाकरी जास्त खायची.

लोक म्हणतात : आजकाल बाईच्या तोंडावर तेज आलंय.

त्या रविवारी मोटारसायकल चपलांच्या रांगेवरूनच आत आली. नानाचा पोरगा हितेंद्र पुढे, मागे नानाची बायको सुनंदाबाई, मध्ये नाना. मजूर मिळेना म्हणून त्यानं स्वतःच पंप पाठीला लावला होता. तोंडातून लाळ, धोतर ओलं, पाय आपल्या जागी पडेनात. आधाराला धरलेल्या दोघांना घेऊन तो झोकांड्या खात दाराशी आला.

दारात भागाबाई. दोन्ही हात चौकटीला.

"वहिनी, सरका न," सुनंदाबाई म्हणाली. "मानूस जाई राह्यना मना."

"काय पिना?"

"काही नही पिना वं. गळामा माळ शे त्याना."

"झोकांड्या खाई राह्यना. पिनाच व्हई."

"फवारा लागना त्याले. सकाळपाईन पंप व्हता पाठवर."

"झुलाल बी असाच झोकांड्या खात व्हता. त्याले काय लागनं व्हतं?"

लिंबाखालची माणसं उठली. अनवाणीच जवळ आली. आतून डॉक्टर ओरडल्या, "भागाबाई, बाजूला व्हा आधी. वेळ नाही."

हितेंद्र म्हणाला, "काकू, मी हात लावसू आते."

"लाव."

त्यानं लावला नाही. नाना गुडघ्यावर आला. सुनंदाबाईनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे.

"फवाराच व्हता," ती पुटपुटली.

"जोरमा सांग."

"फवाराच व्हता झुलालले. माले ठाऊक व्हतं. पोलीस येतीन म्हनीसन यासनीच सांगं, दारू पिना व्हता म्हना. बठ्ठा गावले तेच सांगं."

भागाबाईनं हात काढले.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तो दारातच गेला असता. पुढच्या रविवारी येऊ नका तुम्ही."

"नही येवाव."

धुळ्याला हलवायचं ठरलं. जीपमध्ये सलाइनची बाटली अडकवायला काही नव्हतं. डॉक्टर नाडी धरून, हितेंद्र बापाचं डोकं मांडीवर घेऊन, सुनंदाबाई कडेला. बाटली भागाबाईनं उचलली आणि ती चढून बसली. कोणी नको म्हणेपर्यंत ड्रायव्हरनं जीप सोडली.

मागे राहिलेले लोक म्हणाले : शेवटी माणुसकी. देवमाणूस आहे बाई.

रस्ता खड्ड्यांचा. तिचा हात छपरापर्यंत वर, ताठ. बाटली जरा खाली आली की ती कोपर सावरायची, पुन्हा वर न्यायची. शेजारून सुनंदाबाई हळूच म्हणाली, "वहिनी, हात भरी उना व्हई तुमना. माले द्या."

"नको."

"द्या न. मना मानूस शे."

"तू सांगं," भागाबाई म्हणाली, "यानी कोठे सांगं? भर बाजारमा, सोताना तोंडतून सांगाले पाहिजे. मनी पोरगीसमोर. तवलगुन याले मरू नही देवाव मी."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा नाडी मोजू लागल्या.

नानाच्या पापण्या हलल्या. किलकिल्या डोळ्यांनी त्यानं बाटली पाहिली, बाटली धरलेला हात, मग वरचं तोंड. ओळख पटली तसे त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

भागाबाई वाकली.

"डोया उघडा नाना," ती म्हणाली. "मी शेच आठे."