झाकणांवरचे नंबर

स्वप्नालीचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीतली दोन खोल्यांची लॅब, त्यात टीबीचे जंतू ओळखणारी अँटिबॉडी बनवायची, आणि वीज कधी जाईल ते देवाला ठाऊक! गणपतीच्या सुट्टीत पेशी गोठवून ठेवायची द्रवरूप नायट्रोजनची टाकी भरायला सगळे विसरले, आणि तिने आठ महिने खपून निवडलेल्या उंदराच्या पेशी मेल्या. उरलं होतं त्या पेशी ज्यात वाढल्या ते अर्धा लिटर पाणी. सगळी अँटिबॉडी त्यातच होती. तेही गेलं की पुन्हा नव्या उंदरापासून सुरुवात.

ते पाणी तिने कॉलममधून, म्हणजे मणी भरलेल्या नळीतून, थेंबथेंब सोडलं. नळीतले मणी अँटिबॉडीला तेवढं धरून ठेवतात, बाकीचं वाहून जातं. मग एक नंबरच्या बाटलीतल्या पाण्याने मणी धुवायचे आणि दोन नंबरच्या आंबट द्रावणाने अँटिबॉडी सोडवून घ्यायची. तिने धुतलं, सोडवलं, तपासलं. शून्य.

"शून्य कसं येईल, डोंबल!" ती मशीनवर खेकसली. पुन्हा तपासलं, शून्यच. शेवटी वैतागून तिने दोन नंबरच्या बाटलीत पीएचची पट्टी बुडवली. म्हणे आंबट द्रावण! त्यात आंबटाचा मागमूस नव्हता. आंबट निघालं ते एक नंबरमधलं.

नंबर बाटल्यांवर नव्हतेच, झाकणांवर होते. हेंद्रेपाड्याला घरी तिची आई बनूबाई डब्यांच्या झाकणांवरच मीठ-साखर लिहायची आणि अधूनमधून चहा खारट व्हायचा. त्यावरून आईला सुनावणाऱ्या स्वप्नालीने इथे तेच केलं होतं. काल लॅबची साफसफाई करणाऱ्या भागीरथीमावशींनी झाकणं काढून धुतली आणि लावताना अदलाबदल झाली.

म्हणजे अँटिबॉडी पहिल्या धुण्यातच निघून गेली होती. पण जाईल कुठे? खालच्या बीकरमध्येच! आंबटात ती हळूहळू खराब होते, पण तासभरच तर झाला होता, लगेच आंबटपणा मारला तर वाचणार होती. ती बेसिनकडे धावली.

"मावशी, धुण्याचं पाणी कुठंय?"

"ओतलं ना. काल तुमीच किती ओरडलात, घाण पाणी साचवून ठेवते म्हणून." मावशींनी घासलेला बीकर उजेडात धरला. "बघा, एक थेंब नाय ठेवला. आता तरी बरोबर ना?"

स्वप्नालीने ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कोणावर?

"बरोबर आहे, मावशी," ती म्हणाली आणि रडू आवरत मार्कर घेऊन बाटल्यांवर नंबर घालायला बसली.