गोजराची उघाडी

मित्रांनो, मी उघाडी. खाडीच्या बांधात बसवलेले सागवानी दार. आता म्हातारी झाले आहे, फळ्यांना कालवे चिकटली आहेत. पण माझी कीव करू नका. माझ्यापुढे जे घडले ते माणसांनी आपल्या तोंडाने ओढवून घेतले, आणि त्याचा राग मला अजून आहे.

नेरूळच्या अलीकडे खाडी आणि जमीन यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. १९५३ साली पनवेलच्या सुताराने तीन बोटे जाडीच्या फळ्या जोडून मला त्यात टांगले. बिजागऱ्या वरच्या कडेला, म्हणून मी खाली लोंबते. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा मी मिटते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी मला ढकलते आणि बाहेर जाते. यात कोणाची मर्जी चालत नाही. मर्जी चालते ती दोराची. दोराने मला वर ओढून धरले की भरतीचे खारे पाणी आत शिरते, आणि ते बांधाआतल्या मिठागराला हवे असते.

दोर गोजराच्या हाती होता. नवऱ्यामागे दोन मुली आणि बांधाला लागून भाताचे एक खाचर, एवढाच तिचा संसार. तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास ती बोटांवर काढी, आणि कधी चुकत नसे. मृगापासून दिवाळीपर्यंत ती दोर सैल ठेवी. दिवाळीनंतर शेताकडे जाणाऱ्या चराचे तोंड चिखलाने बुजवी आणि प्रत्येक भरतीला मला वर ओढी. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, उन्हाळ्यात शेतात भात नसते. एका दारात दोघांचे भागत होते.

दोघांचे पटत मात्र नव्हते. मिठागराचा मुकादम गोटीराम म्हणे, ही मुद्दाम दोर उशिरा ओढते. ती म्हणे, याच्या मिठाच्या गाड्यांनी माझा बांध फोडला. तो तिला ‘दरवाजाची राणी’ म्हणून हिणवी. ती सांगे की याच्या घरी कालवणात मीठ घालावे लागत नाही, याने नुसते चाखले तरी पुरते.

१९६३ साली खाडीकाठी कारखाने उभे राहू लागले आणि त्यांना रस्ता हवा झाला. बांध आयताच होता. तो उंच आणि रुंद करायचा, वरून ट्रक न्यायचे, असे ठरले. कारखान्यांना रस्ता पावसाआधी हवा होता. कोळ्यांना होडी जाईल असा पूल हवा होता, पण त्याला वेळ नाही असे त्यांना सांगण्यात आले. ट्रकचा भार माझ्या लाकडी चौकटीला पेलणार नव्हता, म्हणून माझ्या जागी सिमेंटचा नळ यायचा होता. त्याला दार असावे की नसावे, हे ठरवायला शिमग्यानंतर रस्त्याचा साहेब वही घेऊन बांधावर आला. माणूस सरळ होता. त्याने दोघांना समोर उभे करून विचारले, पाणी किती आत यायला हवे?

बाजारात माल विकणारा आधी दुप्पट भाव सांगतो, कारण घेणारा तो निम्म्यावर आणणार हे त्याला ठाऊक असते. दोघांनी तेच केले. गोटीराम म्हणाला, बारमाही उघडे पाहिजे, पाऊस असो की ऊन. गोजराचा हात तेव्हा माझ्या दोरावर होता. मृगापासून दिवाळीपर्यंत बंद, पुढे उघडे, एवढे एक वाक्य तिला पुरले असते. ती म्हणाली, “कवाच उघडायचं नाय. खाऱ्या पान्याचा थेंब नको.”

साहेबाला भाव करणे ठाऊक नव्हते. त्याने दोन्ही खरे धरले, मधला आकडा काढला आणि माझ्या निम्म्या रुंदीचा, बिनदाराचा, सदा उघडा नळ वहीत लिहिला. “दार ठेवलं तर तुम्ही दोरावरून भांडाल,” तो म्हणाला. “नळाशी कोणाला भांडता येत नाही.”

मला उपटून वळणावरच्या भुसभुशीत मातीवर फळी म्हणून टाकले. पहिल्या ट्रकला झेंडूचे हार घातले. हार घातलेला तो ट्रक माझ्या अंगावरूनच वळला.

आषाढी अमावास्येला उधाण आले आणि वरून पाऊस कोसळत राहिला. भरतीचे पाणी नळातून बिनअडथळा आत शिरले, आणि ओहोटीच्या वेळात त्या अरुंद नळातून ते सगळे बाहेर निघेना. बांधालगत सगळ्यांत खोल जमीन गोजराची. तिची लावणी नुकतीच झाली होती. तिसऱ्या दिवशी रोपांचे शेंडे तांबडे पडले. तुंबलेल्या पाण्याने रस्त्याची माती ढिली झाली आणि दोन ट्रक चाकांपर्यंत रुतले. मिठागराचे चोपून घट्ट केलेले तळ गाळाखाली गेले.

गोटीराम चिखल तुडवत माझ्यापाशी आला. एकट्याला मी उचलेना. गोजरा मेल्या रोपांत उभी होती.

“धर गं, नळाच्या तोंडाला लावू. भरती यायला लागलीय.”

“आता दार पायजे तुला?”

“किती दिस बंद ठेवायचं ते सांग.”

“मिरगापासून दिवालीपावेतो. मंग उघडायचं, पयल्यासारखं.”

“ह्ये साहेबाला सांगायला काय झालं व्हतं?”

ती माझे टोक उचलत म्हणाली, “तुझं भलं झालं असतं.”

गोटीरामने दुसरे टोक उचलले. त्यानेही तिचे भले होऊ नये म्हणूनच बारमाही मागितले होते, हे मला तेव्हा कळले.

दोघांनी मला नळाच्या खाडीकडच्या तोंडावर, वरची कड दोराने बांधून, पहिल्यासारखे लोंबते ठेवले. रुतलेले ट्रक पाहायला साहेब आला तो चिडूनच. परवानगीवाचून नळ अडवला म्हणून त्याने दोघांना फैलावर घेतले. मग आतल्या बाजूची कोरडी राहिलेली खाचरे पाहिली आणि वही उघडली. या वेळी त्याने ‘केव्हा’ विचारले. पुढच्या वर्षी आणखी एक नळ पडला, त्याला नवे दार आले, आणि मला पहिल्या नळावर बिजागऱ्यांनी परत टांगले. गावाची शेते वाचली.

गोजराचे वाचले नाही. तीन पावसाळे त्या खाचरात दाणा झाला नाही. त्याच रस्त्याच्या डागडुजीवर तिने खडीची घमेली वाहिली आणि भरतीच्या वेळी येऊन, इतरांच्या भातासाठी आणि गोटीरामच्या मिठासाठी, माझा दोर ओढला. त्याच्याशी ती आजही बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातून रस्ता जायचा असेल तेव्हा कोणी वही घेऊन येईल. त्याला तुमची खरी गरज सांगा, आणि ती वर्षातून केव्हा असते तेही सांगा. शेजाऱ्याचीही गरज भागेल या भीतीने गप्प राहू नका. पाणी शेजाऱ्याच्या आधी तुमच्या शेतात येऊ शकते. खोल जमीन कोणाची, एवढेच ते पाहते.