दहा जणींचेच हात

आत्याबाईंची सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावरचा कामाचा झगासुद्धा तिने उतरवला नव्हता.

"आई, खरंच माझ्यामुळे झालं असेल का हो?"

आत्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावीस वर्षं त्या एकाच दवाखान्यात आयाबाई होत्या, अजूनही आहेत. दोन वर्षांपूर्वी सुनेलाही त्यांनीच तिथे चिकटवलं होतं. नवजात बाळांच्या वॉर्डात पंधरा दिवसांत सहा बाळं तापाने फणफणली, त्यातलं एक गेलं. बाहेरून तपासणीला एक डॉक्टरीण आली, तिने कापसाच्या काड्या हातांवर फिरवून नेल्या, आणि सुनेच्या हातावर तेच जंतू निघाले. झालं! मोठ्या डॉक्टरांनी सकाळी भर वॉर्डात, सगळ्या आईबापांसमोर सांगितलं, "हिच्या हातून रोग पसरला," आणि तिला घरी पाठवलं.

नोकरी काय, दुसरी मिळाली असती. पण बाळ मारल्याचं ओझं उरावर घेऊन ही पोर जगणार कशी?

"ऊठ, तोंड धू. मी आले," म्हणाल्या, आणि चपला पायात सरकवून निघाल्या.

डॉक्टरीण दवाखान्याच्या सामानाच्या खोलीत टेबल टाकून बसली होती. मागे भिंतीवर कागद, खाली तारखा, तारखांवर चौकोन.

"हे काय मांडलंय?"

"एक चौकोन म्हणजे एक बाळ. ज्या तारखेला ताप आला, त्या तारखेवर."

आत्याबाईंना अक्षर लावून लावून वाचावं लागे, पण आकडे चोख कळत. "पहिले दोन चौकोन चार आणि पाच तारखेचे. माझी सून आठ तारखेपर्यंत माहेरी होती, आजारी आईच्या उशाशी. तिथून काय फुंकर मारली तिने?"

"हजेरी मला कुणी दाखवली नाही."

"मागितली होती?"

डॉक्टरिणीने नकाराची मान हलवली. मग म्हणाली, "पण आत्याबाई, हातावर जंतू आहेत हे तर खरं ना?"

"असणारच! त्या आजारी लेकरांचे लंगोट आठवडाभर बदलतेय, हाताला काय अत्तर लागणार? किती जणांचे हात तपासले?"

"दहा."

"कोण दहा?"

डॉक्टरिणीने यादी चाळली. सहा आयाबाया, चार सफाईवाल्या.

"का? डॉक्टर बाळांना हात लावत नाहीत? दारातूनच आशीर्वाद देतात?"

"यादी मोठ्या डॉक्टरांनी दिली होती."

"आणि तुम्ही घेतलीत. एवढं शिकून!"

डॉक्टरीण गोरीमोरी झाली. पण एक मानायला हवं, ती उठून गेली नाही. तिने खुर्ची पुढे केली. "बसा. या सहा बाळांचं असं काय केलं गेलं, जे बाकीच्यांचं नाही?"

हेच पहिल्या दिवशी विचारलं असतं तर! आत्याबाई बोटं मोजत बसल्या. अंघोळ सगळ्यांनाच. दूध ज्याच्या त्याच्या आईचं. वजनकाटा एकच, पण त्यावर सगळीच बाळं चढतात.

"नळी," त्या एकदम म्हणाल्या. "नाकातोंडातला चिकटा ओढायची. ती याच सहांना लावली होती. दर वेळी ती बाटलीतल्या पाण्यात खळबळतात. बाटली रोज बदलायची असते. महिना झाला, पाणी कमी झालं की वरून ओततात, बाटली तीच."

"असं कुणी सांगितलं?"

"मोठ्या डॉक्टरांनी. नव्या येईपर्यंत चालवून घ्या म्हणाले."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले एकदा. 'तुम्ही तुमचे लंगोट बघा' म्हणाले." आत्याबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मग नाही बोलले."

त्याच दुपारी बाटली बर्फाच्या डब्यात बंद होऊन तपासणीला गेली. डॉक्टरिणीने काड्या घेऊन सगळ्या डॉक्टरांना रांगेत उभं केलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "माझेही हात?" ती म्हणाली, "हो, सर. दोन्ही."

चार दिवसांनी निकाल आला. बाटलीत तेच जंतू. दोन डॉक्टरांच्या हातांवर तेच. त्यातले एक मोठे. रोग बाटलीतून नळीत आणि नळीतून बाळांत गेला होता. हातांनी तो फक्त इकडून तिकडे नेला, सुनेच्या तसाच डॉक्टरांच्याही.

मोठ्या डॉक्टरांनी आत्याबाईंना खोलीत बोलावून चहा मागवला. "सुनेला उद्यापासून पाठवा. झालं ते झालं."

"आपोआप नाही झालं, तुम्ही केलंत. वॉर्डात बोललात ना? वॉर्डातच निस्तरा. गेलेल्या बाळाच्या आईलाही बोलवा."

"आत्याबाई, तिला कशाला पुन्हा दुखवायचं?"

"ती माझ्या सुनेला शाप देत घरी गेलीय. तिला खरं कळू दे, मग कुणाला द्यायचा ते ती ठरवेल."

चहाला त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. रिकाम्या हातांनी दाराशी उभी राहिली. सून धुतलेला झगा घालून खाटांमध्ये उभी होती, मान खाली. मोठे डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "चूक बाटलीची होती."

"बाटलीला पाय नाहीत," आत्याबाई म्हणाल्या. "ती तशीच ठेवा म्हणून कोण म्हणालं?"

वॉर्डात एक बाळ कुरकुरलं, गप्प झालं.

"मी," डॉक्टर पुटपुटले.

"दारापर्यंत ऐकू नाही गेलं."

त्यांनी दाराकडे तोंड केलं आणि पुन्हा सांगितलं.