हात जोडले म्हणजे ‘हो’ नव्हे

मी जोडलेल्या दोन हातांची खूण बोलतेय. मोबाईलमध्ये हसऱ्या-रडक्या तोंडांच्या गर्दीत बसलेली असते ना, तीच मी. पिवळी, चिमुकली. अंगठा टेकला की दचकते. इतकी वर्षं झाली तरी सवय होत नाही. कारण अंगठा टेकणारा कधी सांगत नाही, की बाई, आज तू काय म्हणायला चाललीस.

दूरच्या कुठल्यातरी देशात मला काढलं, तेव्हा माझा अर्थ ‘कृपा करा’ असा होता म्हणे. शिरूर कासारकडच्या आमच्या गावात आले आणि कामं वाढली. सकाळी मी राम राम. दुकानवाल्या उमाबाईंच्या माहेरच्या लिंगायत मंडळींच्या ग्रुपवर त्यांचा नमस्कार, ‘शरणार्थ’. कपिलधारच्या देवस्थानाच्या फोटोखाली हात जोडून दर्शन, कुणी वारलं तर श्रद्धांजली, आणि दूध संस्थेच्या चेअरमन सुंदररावांनी काहीही लिहिलं की त्याखाली ओळीनं मीच. मोठ्या माणसाला कोरडं कसं सोडायचं, म्हणून.

हा ग्रुप संस्थेच्या सभासदांचा. त्याचं अ‍ॅडमिनपण किराणा दुकानवाल्या उमाबाईंकडे आलं, कारण गावातले दोन्ही गट त्यांच्याच दुकानातून साखर न्यायचे. उमाबाई माझ्यासारख्याच घाबरट. फोन वाजला की त्यांच्या हातातली तागडी हलायची. त्यांनी भीतभीतच नियम टाकले होते: शिवी नको, गाणी नकोत, बोलून पाठवलेले मेसेज नकोत, जे काय ते लिहा. नियमांखालीही सगळ्यांनी मलाच टाकलं. वाचले किती जणांनी, देव जाणे.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. संस्थेनं जनावरांसाठी टँकरनं भरायचे दोन हौद बांधले, एक गावात, एक वरच्या वस्तीवर. वस्तीवरची तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं म्हातारी माणसं आणि जनावरं. त्यातल्याच छबुबाई. त्यांची एकच गाय, तीही गाभण, दिवस भरत आलेली.

एका सकाळी सुंदररावांचा मेसेज आला. “टँकर वस्तीचा चढ चढत नाही. सोमवारपासून वरचा हौद बंद. जनावरं खाली आणावीत. सर्वांची संमती धरतो.”

खाली ओळीनं मी. मी, मी, मी. त्यातच एक सुरकुतलेला अंगठा आला आणि मला तीनदा दाबून गेला. छबुबाईंचा. त्या अंगठ्याखाली मी ‘नका हो’ होते. पण पडद्यावर माझं तोंड सगळीकडे सारखंच दिसतं, काय करू?

सुंदररावांनी लगेच लिहिलं, “सगळ्यांनी हात जोडले. छबुबाईंनीबी. एकमतानं मंजूर.”

दुसऱ्या गटातल्या बंकटरावांना राहवलं नाही. “चोरट्या, तुझ्या मळ्यात बरा चढतो टँकर!”

सुंदररावांचा पुतण्या बिभीषण टपलेलाच. “गप बे बंकट्या. म्हातारीची गाय काय संस्थेची सासू हाय का, जागेवर पाणी द्यायला?”

दुकानात फोन थांबेना. उमाबाईंचे यजमान वीरभद्र म्हणाले, “बंद करून टाक सगळ्यांचं बोलणं. फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं, अशी सोय असती म्हणं. आपल्याला दोन्हीकडचं गिऱ्हाईक लागतं.”

उमाबाईंचं बोट त्या सोयीपर्यंत गेलंही होतं. तेवढ्यात छबुबाईंचा आवाज आला. नियम मोडून बोलून पाठवलेला.

“उमा, माय, म्या हात जोडले ते हौद बंद करू नका म्हून. त्याचं हो कावून झालं गं? गाईचे दिवस भरलेत. तिला घेऊन दोन टाईम चढ कसा उतरू? वाटंतच बसली तर म्या एकटी काय करू?”

बिभीषणनं लिहिलं, “नियम हाय. बोललेला मेसेज काढा.”

उमाबाई दचकल्या. नियम त्यांचाच होता, सगळ्यांना सारखा. पण छबुबाई अक्षर-अक्षर लावून वाचतात, लिहिता मात्र येत नाही. मग सारखा म्हणजे कसा सारखा? बराच वेळ त्या टाइप करत होत्या. पुसत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. शेवटी मेसेज गेला.

“लिहिता येत नाही त्यांनी बोलून पाठवावं. तो नियम मी बदलते. हात जोडले तर राम राम धरू, संमती नाही. हो असेल त्यांनी हो म्हणा, नसेल त्यांनी न्हाई म्हणा. बंकटभाऊ, ‘चोरट्या’ काढा, प्रश्न राहू द्या. बिभीषण, सासू काढ, तुझं म्हणणं नीट मांड. सगळ्यांचं होईस्तोवर मंजूर धरू नये.”

या मेसेजखाली मलासुद्धा कुणी टाकलं नाही. मग सुंदररावांनी विचारलं, “उमाबाई, आमचं लिहिलेलं आता तुमी तपासणार का?”

उमाबाईंनी लिहिलं, “न्हाई दादा. तुमचं एक अक्षर काढलं न्हाई, काढणारबी न्हाई. फक्त त्यांचंबी राहू द्या.”

बंकटरावांनी शिवी काढून पुन्हा लिहिलं, “टँकर तुमच्या मळ्यात जातो, मग वस्तीवर कावून न्हाई?”

“मळ्याला सपाट रस्ता हाय,” सुंदररावांनी लिहिलं. “परवा चढावर टँकर मागं घसरला. ड्रायव्हर मरता मरता वाचला. कुणाला ठाऊक हाय का?”

“मग हे आधी कावून न्हाई सांगितलं?”

“विचारलं कुणी? सगळ्यांनी हात जोडले!”

त्या वेळी मला कुठं लपू असं झालं. इतक्यांदा मी तिथं उमटले होते, आणि माझ्याआड कुणी कुणाला काहीच विचारलं नव्हतं.

बंकटराव मग म्हणाले, “माझा ट्रॅक्टर चढतो. टँकर खाली थांबू द्या. छोटी टाकी जोडून मी पाणी वर नेतो. डिझेल संस्थेनं द्यावं.”

मग एकेक ‘हो’ यायला लागलं. कुणाचं ‘हो’, कुणाचं ‘हाव’, कुणाचं नुसतंच खाकरून बोललेलं ‘व्हय’. दोघांनी ‘न्हाई’ही लिहिलं, डिझेलवरून. उमाबाईंनी तेही राहू दिलं. शेवटचं ‘हो’ सुंदररावांचं. बिभीषणनंही सासू काढली. त्या जागी मात्र काहीच लिहिलं नाही.

हौद चालू राहिला. छबुबाईंची गाय दारातच व्याली. कालवडीचा फोटो आला तेव्हा अंगठे माझ्याकडे धावले, आणि त्या दिवशी मी मुळीच दचकले नाही.

आता या ग्रुपवर मला पूर्वीइतकं काम नाही. लोक भांडतात, विचारतात, बोलून पाठवतात. उमाबाई अजून घाबरतात आणि तरी दोन्हीकडचं राहू देतात. माझं काम त्यांनी कमी केलं, याचं मला दुःख नाही. मी त्यांची फार फार ऋणी आहे. माझ्या तोंडी दुसऱ्याचा होकार कोंबला जात होता, तो त्यांनी काढला.

तुमच्याही ग्रुपवर मी असेनच. मला पाहून निकाल लावण्याआधी, जिनं मला टाकलं तिला एकदा विचारा, “काय म्हणायचंय, बाई?”

आणि उमाबाई, तुमचे आभार मानायला मी हात कुठून जोडू? ते जन्मापासून जोडलेलेच आहेत. म्हणून आज पहिल्यांदाच बोलून सांगितलं.